शेवटच्या आऱ्याचा दुसरा वेढा

दातांच्या डॉक्टरची वेबसाईट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. वर हसरी बत्तीशी, उजव्या कोपऱ्यात फोन नंबर, मध्ये 'आजच वेळ घ्या' असं निळं बटण. अशा तेहतीस वेबसाईटी मी केल्या आहेत. डॉक्टर, हॉटेलं, टायरची दुकानं, एक शवपेट्यांचा कारखाना. त्या शवपेटीवाल्यालाही निळं बटणच हवं होतं. माझं नाव निमिया, राहते आसुन्सिऑन या आमच्या राजधानीजवळच्या इताउग्वा गावात, आणि आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की बघणाऱ्याच्या डोक्याला ताप द्यायचा नाही. तीन सेकंदांत हवं ते सापडलं नाही तर तो निघून जातो.

आयुष्यात एकच वेबसाईट मी हे सगळे नियम मोडून केली, आणि तिच्यापायी एका बाईचा जीव जायची वेळ आली. चूक माझी होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागेन. मला सवय आहे.

चार वर्षांपूर्वी न्या ब्लासिदा माझ्याकडे आल्या. थोरल्या बाईला आम्ही 'न्या' लावून हाक मारतो. ब्लासिदांना तर डॉक्टरसुद्धा न्या म्हणायचे. तीस वर्षं त्या नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक घर चालवायला घेतलं, नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांसाठी. ते घर कुठे आहे ते मला आजही माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

"मला एक वेबसाईट पाहिजे," माझ्या हातातला थंडगार तेरेरेचा, म्हणजे आमच्या पाल्याच्या पेयाचा, पेला ओढून घेत त्या म्हणाल्या. "पण ती कुणाला दिसता कामा नये."

"मग भिंतीवर लिहा आणि वरून चुना फासा. स्वस्तात होईल."

"दात काढू नकोस. शेजारच्या कापियाता गावच्या एका बाईच्या फोनवर 'मदत हवी आहे का' असं पान उघडं राहिलं. नवऱ्याने पाहिलं. दवाखान्यात आणली तेव्हा मी तिला कानातल्या डुलांवरून ओळखली."

मी दात काढायचं बंद केलं.

असले नवरे बायकोचा फोन रोज तपासतात. नंबर, निरोप, कुठलं पान कधी पाहिलं, सगळं. तेव्हा दार असं हवं होतं की नवऱ्याच्या नाकासमोर असूनही त्याला ते दार वाटणार नाही, आणि त्याची किल्ली बायकोला कुठे लिहून ठेवावी लागणार नाही. मी आठवडाभर डोकं खाजवलं. शेवटी उत्तर आईच्या पडवीत सापडलं, भिंतीला टेकवून ठेवलेलं.

इताउग्वात मुलगी सात वर्षांची झाली की तिच्या मांडीवर चौकट येते. चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर वर्तुळ काढायचं, मग चाकाच्या आऱ्यांसारखे दोरे टाकायचे आणि त्या आऱ्यांमधून सुईने वर-खाली करत नक्षी विणायची. शेवटी खळ लावून वाळवायचं आणि कापड कापून टाकायचं. हातात उरते ती नुसती जाळी. तिला आम्ही न्यांदुती म्हणतो, म्हणजे कोळ्याचं जाळं. प्रत्येक नक्षीचा क्रम ठरलेला. पेरूच्या फुलात किती आरे सोडायचे, कुठून मागे वळायचं, हे विचारलंत तर मलाही सांगता येणार नाही. ते बोटांना येतं.

म्हणून मी असं पान केलं: फिकट कापड, बत्तीस आरे आणि एक सुई. मेनू नाही, नाव नाही, नंबर नाही, एक अक्षर नाही. बोटाने सुई ओढत न्यायची. एक जरी आरा चुकला तरी सगळं उसवणार आणि पुन्हा पहिल्यापासून. रंग मुद्दाम डोळ्यांत खुपणारे. उघडायला इतका वेळ की माणूस वैतागून फोन टाकून देईल. आरशात दिसावं तसं उलटं, डावीकडून विणलं तरी चालेल, एवढी एक सोय मी ठेवली होती. मला विणायला शिकवलं ते एका डावखुऱ्या बाईने, न्या पोर्फिरियांनी. तेव्हा त्यांची आठवण म्हणून.

जिने पेरूचं फूल शेवटच्या आऱ्यापर्यंत बरोबर विणलं, तिच्यासमोर हळूहळू एक पान उघडायचं आणि वीस सेकंद राहायचं. या आठवड्यात गाडी कुठे येईल, कोणत्या दिवशी, किती वाजता. खाली एक चौकोन: 'किती जणी?' तिने आकडा घालायचा की पान मिटलं. फोनमध्ये काय उरायचं? विणकामाचा खेळ.

न्या ब्लासिदा उत्तरेकडच्या. त्यांच्या हाताला सुई ठाऊक ती इंजेक्शनची. सोळा वेळा उसवल्यावर त्यांनी फोन माझ्या अंगावर टाकला.

"भिकार आहे," त्या खूश होऊन म्हणाल्या. "मला जमत नाही म्हणजे त्यांच्या बापाला जमणार नाही."

चार वर्षांत, ओळखीच्या नर्सांनी पान आणि फूल कानात सांगितल्यावर, त्या दारातून एकवीस बायका बाहेर पडल्या.

आता माझी चूक. दातांच्या डॉक्टरच्या वेबसाईटीला कुणी शाबासकी देत नाही. परदेशात काही हौशी मंडळी आहेत, ती नियम मोडणाऱ्या वेबसाईटी गोळा करून मांडतात आणि जगभरातले आमच्या धंद्यातले लोक त्या बघतात. मी दहा वर्षं बघत होते. बघता बघता वाटायचं, ह्यांच्यापेक्षा माझं पान सरस आहे. जानेवारीत एका दुपारी मी ते पाठवून दिलं. आत काय आहे ते अर्थातच लिहिलं नाही. 'लेस विणणारीचं कोडं' एवढंच लिहिलं, आणि खाली माझं नाव. माझं नाव मात्र विसरले नाही.

त्यांनी ते पहिल्या जागी लावलं. मी आनंदाने नाचले. मग राजधानीतल्या एका वर्तमानपत्राने रविवारी बातमी छापली, 'जगात कुणालाही न उघडणारं पान', सोबत आईच्या पडवीत बसलेली मी, बत्तीशी दाखवत. सोमवारी टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात निवेदकाने ते पाच वेळा उसवून दाखवलं आणि अख्खा देश हसला.

मंगळवारी सकाळी न्या ब्लासिदा आल्या. त्यांनी तेरेरेला हात लावला नाही.

"हे काय करून बसलीस?"

"आत काय आहे ते कुठे छापलंय? आणि उघडणार कोण? पुरुषांना विणता येतं का?"

"पुरुषांना आया असतात, निमिया."

चार वर्षं मी नवऱ्यांचा विचार केला होता, त्यांच्या संशयाचा, त्यांच्या आळसाचा, त्यांच्या जाड बोटांचा. त्यांच्या आयांचा विचार एकदाही केला नव्हता. विणणाऱ्यांच्या गावात प्रत्येक नवऱ्याच्या घरी पडवीत किल्ली बसलेली असते. हे माझ्यासारख्या, आईच्या पडवीत वाढलेल्या मुलीला सुचू नये?

"आत्ता बंद करते."

"गुरुवारपर्यंत नाही. काल एकीने आकडा घातलाय. पुन्हा बघायला आली आणि पान नसलं तर तिला वाटेल आपल्याला टाकलं. गुरुवारी तिला आणू, मग ते पान चुलीत घाल."

बुधवारी सकाळी मी नोंदी उघडल्या. आमच्या पानाच्या नोंदीत कुणाचं नाव नसतं. प्रत्येक फोनला एक क्रमांक आणि त्यावर सुई कशी कशी फिरली तेवढं दिसतं. जगभरातल्या हजारो लोकांनी पहिल्या चार आऱ्यांतच माती खाल्ली होती. सोमवारची बाई सापडली: फोन क्रमांक दोनशे बारा, सकाळी दहाला, उजवीकडून विणलेलं फूल, थोडं अडखळत. 'किती जणी?' 'एक.'

त्याच्याखाली पुन्हा दोनशे बारा. मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तोच फोन, पण आता सुई डावीकडून चालली होती. चार वेळा प्रयत्न, चारही वेळा अगदी शेवटच्या आऱ्यावर उसवलेलं. मग अर्धा तास काही नाही. एक पंचावन्नला पाचवा प्रयत्न, आणि फूल एका दमात पूर्ण. पान उघडू लागलं होतं तरी सुई थांबली नव्हती. शेवटच्या आऱ्याला तिने आणखी एक वेढा घातला होता.

शेवटच्या आऱ्याला दोन वेढे अख्ख्या इताउग्वात एकच बाई घालते. "एका वेढ्याचं काम पहिल्या धुण्याला तुझ्या तोंडावर हसेल," असं म्हणत त्यांनी माझ्या बोटांवर लाकडी सुईपेटीने मारलेलं मला आठवतं. न्या पोर्फिरिया ओर्तेयादो. वय एकाहत्तर. राहतात मुलाजवळ, विल्फ्रिदोजवळ. तो खडीचा ट्रक चालवतो. आणि त्याची बायको देओलिंदा.

गेल्या वर्षी देओलिंदा उजव्या हाताला प्लास्टर घालून चर्चमध्ये आली होती. शिडीवरून पडले म्हणाली. आम्ही सगळ्यांनी त्या शिडीला नावं ठेवली. विणणाऱ्या बाईचं मनगट शिडीने मोडावं, काय ही शिडी! ओर्तेयादोंच्या घरात शिडी आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणजे सोमवारी देओलिंदाने सासूचा फोन वापरला, स्वतःचा फोन नवरा तपासतो म्हणून. आणि मंगळवारी सासूने पान उघडलं. चार वेळा हात बसेना, काचेवर सुई ओढायची सवय नाही, आणि पाचव्यांदा जमलं. आता सासूला माहीत होतं: गुरुवारी, दीड वाजता, पातिन्योच्या वळणावर, तेरेरेत घालायचा पाला विकणाऱ्या टपरीपाशी. आणि सासूला माहीत म्हणजे मुलाला माहीत.

देओलिंदाला कळवायला काही मार्ग नव्हता. तो एक फोन, आणि तो सासूच्या हातात. घरी जावं तर विल्फ्रिदो. मी न्या ब्लासिदांकडे धावत गेले आणि सगळं सांगताना दोनदा रडले. त्यांनी मला रडू दिलं नाही.

"गाडी तू घेऊन जा. मला तो ओळखतो, निवृत्त झाले तरी तिचं मनगट मीच बांधलं होतं. आणि ऐक. तो दिसला तर थांबायचं नाही. त्याने गाडी पाहिली, नंबर पाहिला, की पुढच्या सगळ्या जणींची वाट बंद."

"आणि देओलिंदा?"

न्या ब्लासिदांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

दुपारी बारा ते तीन आमच्याकडे कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. लहानपणी आई सांगायची, या वेळी बाहेर पडलीस तर जासी जातेरे उचलून नेईल, सोनेरी केसांचा बुटका, हातात काठी. मी त्याला घाबरत नसे. गुरुवारी मात्र मी लाँड्रीची पाटी लावलेली न्या ब्लासिदांची जुनी व्हॅन चालवत होते आणि दर वळणावर आरसा बघत होते. लाल रस्ता, बंद खिडक्या, आणि इतकी शांतता की माझ्याच गाडीच्या आवाजाची मला लाज वाटावी. मी घाबरले होते. हे दुसऱ्या कुठल्या शब्दात सांगता येत नाही. मला विल्फ्रिदोची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती ही वाटत होती की तो दिसला तर मी खरोखरच थांबणार नाही.

पातिन्योच्या वळणावर आंब्याखाली खडीचा ट्रक उभा होता.

माझा पाय आपोआप वेग वाढवायला गेला. ट्रकच्या खिडकीतून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते. चेहरा दिसत नव्हता. पाय कुणाचे ते पायांवरून कसं ओळखायचं? पलीकडे पाल्याची टपरी, फळ्या लावलेल्या. देओलिंदा नव्हती. बाकावर न्या पोर्फिरिया बसल्या होत्या, मांडीवर चौकट, डाव्या हातात सुई.

संपलं, असं मला वाटलं. सासू बाकावर पहाऱ्याला, मुलगा ट्रकमध्ये. सांगितल्याप्रमाणे पुढे निघून जायचं. तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि बोटाने खूण केली, 'इकडे ये', सात वर्षांच्या मला करायच्या तशी. धाडस वगैरे काही नव्हतं. पायाने सवयीने ब्रेक दाबला.

"काच खाली कर," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी भेटतेस आणि काचेमागून तोंड दाखवतेस?"

"विल्फ्रिदो कुठे आहे?" मी काच अर्धीच खाली करत विचारलं.

"काकुपेला पाठवलाय, चौकटीसाठी लाकूड आणायला. बहिणीच्या नवऱ्याकडे. एकदा बाटली उघडली की चारच्या आत हलायचा नाही."

"मग तो ट्रक?"

"मला काय ठाऊक कुणाचा? मीही अर्ध्या तासापासून त्या तंगड्यांकडेच बघत बसलेय." आणि मोठ्याने, ट्रकला ऐकू जाईल अशा आवाजात, "पांढऱ्या चादरी धुवायला किती दिवस लागतील, बाई?"

"दोन," मी म्हणाले.

पाय हलले नाहीत. न्या पोर्फिरिया चौकट घेऊन खिडकीशी आल्या.

"मंगळवारी माझाच फोन माझ्या हातात कोंबला. 'आई, हे उघड. बायका यात काय लपवतात बघू दे.' मागे उभा राहिला, खांद्यावरून वाकून. चौसष्ट वर्षं सुई धरतेय मी, पोरी. शेवटच्या आऱ्यावर कधी चुकले नाही. त्या दिवशी चार वेळा चुकले, त्याच्यादेखत. 'म्हातारी झालीस, कामातून गेलीस,' म्हणाला आणि झोपायला गेला. घोरायला लागला तेव्हा नीट विणलं. म्हटलं बघू तरी, माझ्या शिष्येने एवढं काय दडवलंय."

चार वेळा, चारही वेळा शेवटच्या आऱ्यावर. मी ते पाहिलं होतं आणि मला कळलं नव्हतं. जिला येत नाही ती शेवटच्या आऱ्यापर्यंत पोचतच नाही. हे मला, त्यांच्या शिष्येला, कळायला हवं होतं.

"देओलिंदा!" त्यांनी हलकेच हाक मारली. टपरीच्या मागून, पोत्यांच्या ढिगाआडून ती आली. हातात एक पिशवी. ती सासूपाशी थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"चल चल, नंतर रड," म्हणत न्या पोर्फिरियांनी तिला व्हॅनच्या मागच्या दारातून आत लोटलं.

"तुम्हीपण चला," मी म्हणाले.

"दोघी गेलो तर तो चारला घरी येईल आणि सव्वाचारला तुझ्या दारात उभा असेल. पडवीसकट फोटो छापून घेतलायस ना? मी घरी बसलेली दिसले तर विचारेल, कुठे गेली. सांगेन, आईकडे, कन्सेप्सिऑनच्या बसने. दोन दिवस तिकडे शोधत बसेल."

"आणि तुम्हाला काही केलं तर?"

त्यांनी कपाळावरचा रुमाल सारखा केला. बाही मागे सरकली. कोपराच्या खाली चार बोटांचे निळे वळ होते, ओळीने. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं.

"शिडी," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा गरम झाला. जे सुचलं ते बोलले. "मी आजच ते पान बंद करते, न्या पोर्फिरिया. पुन्हा कुणाला सापडणार नाही."

"खबरदार!" त्यांनी खिडकीची कड घट्ट धरली. "मग मी कशी येणार?"

ट्रकमधले पाय आत गेले. कुणीतरी आत खोकलं.

"तो समोर असला तर मी एकच वेढा घालीन," त्या घाईने कुजबुजल्या. "दोन घातले तर समज, मी एकटी आहे. आता नीघ."

मी निघाले. ट्रकमधला माणूस कोण होता ते मला कधीच कळलं नाही. आरशात त्या दिसत होत्या, चौकट डोक्यावर सावलीसाठी धरून, घराच्या दिशेने चाललेल्या, जराही घाई न करता. मागे देओलिंदा पिशवीत तोंड खुपसून बसली होती.

त्याच संध्याकाळी मी पान बदललं. फूल पूर्ण करून शेवटच्या आऱ्याला एक वेढा घातला की दहा सेकंद थांबायचं आणि मग उघडायचं ते खळ कशी करावी याचं पान: कसाव्याचं पीठ किती, पाणी किती, कुठल्या उन्हात वाळवावं. खरं दार उघडणार ते त्या दहा सेकंदांत दुसरा वेढा पडला तरच. न्या ब्लासिदांनी दुसऱ्या वेढ्याची गोष्ट आपल्या ओळखीच्या नर्सांना सांगितली, नर्सांनी बायकांना, तोंडातून कानात. कागदावर कुठेही नाही.

आठवड्याभरात आसुन्सिऑनमधल्या कुणाच्या तरी आजीने फूल पूर्ण केलं. वर्तमानपत्राने छापलं, 'कोडं सुटलं, आत निघाली खळ!' लोक हसले आणि विसरले. परदेशातल्या मंडळींनी मला शेवटच्या रांगेत ढकललं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

पण त्याआधी, शुक्रवारी, विल्फ्रिदो माझ्या दारात आला. पडवीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला, ओठांत विझलेली सिगारेट.

"माझी बायको गेली," तो म्हणाला. "आणि माझी आई म्हणते तुझ्या पानात नुसती खळ आहे."

"खळच आहे. बघ हवं तर."

"बघितली. माझ्यासमोर उघडली तिने." तो भिंतीकडच्या चौकटींकडे बघत राहिला. "मग एवढी लपवाछपवी कशाला?"

"गंमत," मी म्हणाले. "परदेशातल्या लोकांना आवडते."

तो पायरीवर थुंकला आणि गेला. मी दाराला कडी लावून जमिनीवर बसले आणि अर्धा तास उठले नाही. नंतर नोंदी पाहिल्या. दोनशे बारा, सकाळी नऊ, डावीकडून, एका दमात. शेवटच्या आऱ्याला एकच वेढा.

रविवारी न्या पोर्फिरिया चर्चला आल्या नाहीत. मंगळवारी बाजारात नव्हत्या. न्या ब्लासिदा जुन्या ओळखीने त्यांच्या दारावरून गेल्या, तर पडवी रिकामी आणि चौकट उलटी पडलेली. पोलिसात जायचं का? गेलो. साहेबाने विचारलं, म्हातारीने तक्रार केली आहे का? नाही? मग मुलगा आईबरोबर राहतो हा काय गुन्हा झाला?

मी व्हॅन माझ्या दारात आणून उभी केली. दोनशे बारा क्रमांकासाठी आत वेगळा मजकूर लिहिला. वार नाही, वळण नाही: 'आत्ताच. गल्लीच्या तोंडाशी या.' आणि रोज जेवण झालं की पडद्यासमोर बसू लागले. विल्फ्रिदो झोपेल ती हीच वेळ. गाव झोपलेलं, पंखा फिरतोय, आणि मी त्या रिकाम्या कापडाकडे बघतेय. मीच केलेलं पान, माझ्या बढाईमुळे उघडं पडलेलं, आणि आता त्या बाईला दुसरं दार नव्हतं. अकरा दिवस मी दुपारची झोपले नाही. डोळा लागला तर? वीज गेली तर? त्याने त्यांचा फोनच फोडला असेल तर? फोनचं सोडा, त्यांनाच काही केलं असेल तर, असं मनात आलं की मी उठून भांडी घासायची.

बाराव्या दिवशी, दोन वाजून पाच मिनिटांनी, दोनशे बारा.

सुई डावीकडून निघाली. हळू. इतकी हळू की मला वाटलं दुसरंच कुणीतरी आहे. पाचव्या आऱ्यावर थांबली. नवव्यावर पुन्हा थांबली. हात दुखत होता, किंवा हातच दुसरा होता. त्या कधी अशा थांबत नसत. मी पडद्याला नाक लावून बसले होते आणि बोटं मांडीवर आपोआप विणत होती, वर, खाली, एक सोडून वर, जणू मी ओढलं तर तिकडची सुई चालेल. सव्विसावा. तिसावा. बत्तिसावा.

शेवटच्या आऱ्याला एक वेढा पडला आणि सुई थांबली.

दहा सेकंद मीच ठरवले होते. एक. दोन. तो मागे उभा आहे. तीन. चार. खांद्यावरून वाकून बघतोय. पाच. मी देवाचं नाव घ्यायला गेले आणि तोंडातून आईचं आलं. सहा. सात. दहाच्या ऐवजी वीस का नाही ठेवले, निमिया, तुला कुणी अडवलं होतं? आठ.

सुई हलली. आऱ्याच्या खालून गेली, वरून आली, आणि दुसरा वेढा घट्ट बसला.

चौकोन उघडला. 'किती जणी?' मग आकडा आला: एक.

मी गाडीची किल्ली शोधायला टेबलावरचं सगळं खाली पाडलं. किल्ली माझ्या हातातच होती.